विनातारण पोच

ज्या मनुष्यास स्वतःच्या घरातील पाण्याच्या टाकीची गळती आजवर थांबविता आलेली नाही, त्याच्यावर एका पतसंस्थेच्या समग्र दफ्तराच्या रक्षणाची जबाबदारी का सोपवावी, या प्रश्नाचे उत्तर सहकारी चळवळीच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. परंतु आमच्या संचालक मंडळास ते फार पूर्वीच सापडलेले आहे. मी हायस्कुलात गणित शिकवीत असे. संगणकात आकडे असतात. तस्मात् संगणक हे मास्तरांचे खाते, असा हा निर्दोष अनुमानप्रयोग आहे. याच न्यायाने आमच्या खजिनदारांचे कापडाचे दुकान असल्यामुळे संस्थेच्या खिडक्यांच्या पडद्यांपासून ध्वजवंदनापर्यंत सर्व कारभार त्यांच्याकडे आहे, आणि अध्यक्षांचा ट्रॅक्टर असल्यामुळे संस्थेची जीप बंद पडली की सर्वजण तिच्याकडे न पाहता अध्यक्षांकडे पाहतात.

प्रकरण उद्भवले ते पिग्मीमुळे. सायंकाळी पिग्मी एजंटांचा भरणा चालू असता वीज गेली, यूपीएसने आपल्या वयास शोभेल असा एक क्षीण उसासा टाकून राजीनामा दिला, आणि वीज परत आल्यावर असे निष्पन्न झाले की, ज्या रकमांपुढे संगणकाने स्वतः 'जमा' असा शेरा दाखविला होता आणि ज्यांच्या पावत्याही छापून दिल्या होत्या, त्यांपैकी शेवटच्या काही रकमा त्याच्या गावीही नव्हत्या. भाजीवाल्या बाई पावती घेऊन उभ्या, पावतीवर आमचा शिक्का, आणि यंत्र मात्र 'या कोण बाई?' अशा निर्विकार मुद्रेने दिवे मिचकावीत होते. चौकशीअंती सर्व दोष सर्व्हरमधील एसएसडीवर आला, कारण संबंधितांपैकी तिलाच तेवढी आपली कैफियत मांडता येत नव्हती. मंडळाने तातडीची सभा बोलावून ठराव केला, तो असा: "संस्थेच्या डेटाबेस सर्व्हरकरिता विश्वसनीय एसएसडी खरेदी करावी, तीन दरपत्रके मागवावीत, आणि ती विश्वसनीय असल्याबद्दल मास्तरांनी लेखी द्यावे."

माझा भाचा पुण्यास डेटाबेसच्या देखभालीची नोकरी करतो. मी त्याला फोन करून, शक्य तितक्या तांत्रिक भाषेत, "चांगल्यातली एसएसडी कोणती रे?" असे विचारले.

"मामा, चांगली म्हणजे कशापुढं टिकणारी? लिहिण्यापुढं, काळापुढं, की वीज जाण्यापुढं?"

"सगळ्यांपुढं टिकणारी नसते का?"

"असते ना. पण ती तुमच्या ठरावापुढं टिकणार नाही."

त्याने दिलेल्या व्याख्यानाचे सार असे. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या ज्या फ्लॅश स्मृतीची एसएसडी बनलेली असते, तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण कोंडून ठेवतात आणि ते किती कोंडले आहेत यावरून आकडा वाचतात. प्रत्येक वेळी पुसून पुन्हा लिहिताना कप्प्याची भिंत किंचित झिजते. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट ठेवीत असत, तेव्हा तो सुमारे लाखभर वेळा पुसता येई. मग मनुष्यस्वभावानुसार दोन बिट ठेवू लागले, मग तीन, आणि आता चार. चार बिटांसाठी त्याच एका कप्प्यात विजेच्या सोळा निरनिराळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि आयुष्य लाखावरून हजाराच्या घरात, कधी त्याहूनही खाली येते. शिवाय लिहिणे पानापानाने होते, परंतु पुसावयाचे झाल्यास शेकडो पानांचा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. त्यामुळे एक ओळ बदलण्यासाठी ड्राइव्ह आतल्या आत इकडची पाने तिकडे करीत बसते आणि सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक लिहिते. हे ऐकून मला तिच्याविषयी प्रथमच आपुलकी वाटली. माध्यमिक शाळेतील वार्षिक तपासणीच्या वेळी आम्ही दुसरे काय करीत होतो?

एवढे ज्ञान संपादून मी मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेलो. तेथील एका दुकानातील तरुणाने माझे पांढरे केस, धोतर आणि छत्री यांचे नीट अवलोकन करून विचारले, "काका, गेमिंगसाठी पाहिजे?"

"पतसंस्थेसाठी."

"मग ही घ्या. हिच्यात आरजीबी लाइट आहे. रात्री सर्व्हर रूममध्ये काय दिसेल!"

आमच्याकडे रात्री सर्व्हरच्या खोलीत फक्त रखवालदार असतो आणि तोही झोपलेला असतो, हे मी त्यास नम्रपणे सांगितले आणि ती विश्वसनीय आहे काय, असे विचारले. तो म्हणाला, "एवढ्या विकल्या, एकजण परत आला नाही." या पुराव्याने माझे समाधान होईना, कारण ज्याचा सर्व हिशेब नाहीसा झाला, त्याने वर गाडीभाडे खर्चून परत यावे तरी कशासाठी? तेव्हा मी हमीकडे वळलो.

"पाच वर्षं, काका."

"आणि मध्येच बिघडली तर?"

"कंपनी नवी देणार."

"आतला हिशेब?"

"तो तुमचा. तो आम्ही कसा घेऊ?"

त्याच्या प्रामाणिकपणाने मी भारावून गेलो. तरीही तीन दुकानांतून तीन दरपत्रके व एक रंगीत माहितीपत्रक घेऊन परतलो, आणि या माहितीपत्रकानेच पुढील अनर्थ घडविला; कारण त्यात ठळक अक्षरांत छापले होते की, या ड्राइव्हच्या दोन बिघाडांमधील सरासरी काळ २० लाख तास आहे. मंडळाच्या सभेत मी सवयीने फळ्यावर भागाकार मांडला: वर्षाचे तास ८,७६०, उत्तर सुमारे २२८ वर्षे. सभागृहात क्षणभर आदरयुक्त शांतता पसरली. इतकी वर्षे मागे गेले तर शनिवारवाड्यात दुसरे बाजीराव नांदत आहेत. म्हणजे ही वस्तू त्यांनी घेतली असती तर मुदत आत्ता कोठे भरत आली असती. खजिनदार म्हणाले, "आपल्याला एवढी कशाला? निम्म्या आयुष्याची निम्म्या किमतीत मिळते का बघा."

मी खुलासा केला की, हा आकडा एका ड्राइव्हच्या आयुष्याचा नव्हेच. एकाच वेळी हजार ड्राइव्ह वर्षभर चालविल्या तर त्यांपैकी साधारण चार बिघडतील, इतकाच त्याचा अर्थ. दोनशे अठ्ठावीस वर्षे कोणी घड्याळ लावून बसलेले नाही.

"म्हणजे नऊशे शहाण्णव चांगल्या?" अध्यक्ष म्हणाले.

"हो."

"मग त्या चारांत आपली कशी असेल? लेखापरीक्षणात आपण 'अ' वर्गात आहोत."

पुढचा विषय झिजण्याचा. उपाध्यक्षांनी कोठेतरी ऐकले होते की, मोठ्या बँका दिवसातून तीनदा संपूर्ण भरून पुसता येईल अशी ड्राइव्ह घेतात, एकदा भरून पुसता येणारी नव्हे. आणि आमची संस्था बँकेपेक्षा कोणत्या बाबतीत कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. मी पुन्हा खडू घेतला. ९६० गीगाबाइटची ड्राइव्ह पाच वर्षे रोज एकदा पूर्ण लिहिता येते, म्हणजे एकंदर १,७५२ टेराबाइट लिहून घेण्याची तिची तयारी आहे. आमचे सर्व ठेवीदार, कर्जदार, जामीनदार व पिग्मी मिळून, आकडा कितीही फुगवून धरला तरी, दिवसाला दोन गीगाबाइटपलीकडे जात नाहीत. या गतीने ती झिजविण्यास आम्हांस २,४०० वर्षे लागतील. अर्थात चंद्रगुप्त मौर्याच्या जन्मापूर्वी पिग्मी योजना सुरू करावयास हवी होती. उपाध्यक्षांच्या तिप्पट टिकाऊ ड्राइव्हला ७,२०० वर्षे लागतील. यावर उपाध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "असू द्या. पुढं शाखा वाढवायच्या आहेत."

झिजेची ही धास्ती सार्वत्रिक आहे, याचे कारण ती मोजता येते, आणि जे मोजता येते त्याचेच भय बाळगणे सोयीचे असते. वस्तुतः टोरांटो विद्यापीठाच्या बियान्का श्रोडर आणि गूगलचे दोन संशोधक यांनी गूगलच्या सेवेतील ड्राइव्हचा अनेक वर्षांचा इतिहास तपासून २०१६ साली जो निष्कर्ष मांडला, त्यात एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या ड्राइव्ह नित्याच्या वापरात दोन बिटवाल्यांपेक्षा अधिक भरवशाच्या ठरल्या नाहीत. आणि किती लिहिले याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, किती वर्षे झाली याला महत्त्व आढळले. कामामुळे नव्हे तर नुसत्या वयामुळे कुरकुर वाढते, हा सिद्धांत मंडळातील सरासरी वय पाहता कोणाला पटवून द्यावा लागला नाही.

परंतु भाजीवाल्या बाईंचे पैसे झिजेने गेलेच नव्हते. ते कशाने गेले, हे सांगण्यास भाचा रविवारी स्वतः आला. डेटाबेस ही वस्तू मुळात आमच्या जुन्या मुनिमांच्याच वळणाची आहे: व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत लिहावयाचा, आणि खतावणी सवडीने करावयाची. कीर्द शाबूत असली तर खतावणी जळाली तरी पुन्हा उभी राहते. म्हणून पोस्टग्रेससारखा डेटाबेस प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी कीर्दीची ओळ कायमची उतरली काय, असे खाली विचारतो आणि होकार आल्याखेरीज 'जमा' म्हणत नाही. आता हा होकार देणार कोण? ड्राइव्ह. तिच्यापाशी कायमच्या कप्प्यांखेरीज एक चपळ परंतु वीज जाताच सर्व विसरणारी स्मृती असते. पुष्कळशा स्वस्त ड्राइव्ह मजकूर त्या विस्मरणशील स्मृतीत घेतात, आणि त्यांतील काही, स्पष्ट विचारले तरी, तेथूनच वर कळवितात: "झालं, साहेब."

"म्हणजे ती खोटं बोलते?" चिटणीस दचकून म्हणाले.

"खोटं नाही हो. लिहिणारच असते ती. फक्त मध्ये वीज जाते."

महागडी, सर्व्हरसाठीच केलेली ड्राइव्हही कप्प्यांत उतरण्यापूर्वीच होकार देते, हे कळल्यावर तर मंडळ चांगलेच खवळले. मग दुपटीहून अधिक पैसे कशाचे? भाच्याने सांगितले की, तिच्या अंगावर कपॅसिटर बसविलेले असतात; वीज गेली तरी त्यांत साठविलेल्या विजेवर हातातले अर्धवट काम कायमच्या कप्प्यांत उतरविण्यापुरता अवधी तिला मिळतो. येथे खजिनदारांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या तीस वर्षांच्या संचालकपदाच्या काळात मी कधी न पाहिलेला, ज्ञानाचा प्रकाश पसरला. "समजलं," ते म्हणाले, "दोघीही उधारीवरच शब्द देतात. पण ही तारण ठेवून देते, आणि ती विनातारण." कपॅसिटरचे इतके सुबोध विवरण मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचलेले नाही, आणि ज्या संस्थेच्या थकबाकीच्या यादीत विनातारण कर्जदारांचीच नावे पहिली तीन पाने व्यापून आहेत, तिला याहून अधिक समजावण्याची गरजही नव्हती.

विनातारण शब्द देणाऱ्यांचा सुळसुळाट किती, याचाही दाखला भाच्यापाशी होता. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी लॅब्ज यांच्या संशोधकांनी २०१३ साली पंधरा ड्राइव्ह घेऊन, त्या लिहीत असतानाच त्यांची वीज वारंवार तोडली, तेव्हा पंधरांपैकी तेरांनी काही ना काही गोंधळ घातला. कोणी अर्धवट लिहिले, कोणी क्रम उलटा केला, आणि एकीने तर प्राणच सोडले. बरे, लबाडीचा ठेका केवळ ड्राइव्हकडेच आहे असेही नाही. लिनक्समध्ये मजकूर उतरविण्यात एकदा अपयश आले की ती कार्यप्रणाली एकदा तसे कळवी, आणि डेटाबेसने पुन्हा विचारले असता, जणू मधल्या काळात काहीच घडले नाही अशा थाटात, 'सर्व ठीक' म्हणे. पोस्टग्रेसच्या जाणत्या मंडळींच्या हे ध्यानात आले ते २०१८ मध्ये, सुमारे वीस वर्षे त्या उत्तरावर विसंबून राहिल्यानंतर. इतकी वर्षे ज्या शेऱ्यावर जगाचा कारभार चालला तो कोणी उलटून वाचलाच नव्हता, हे ऐकून चिटणिसांना सरकारी पत्रव्यवहाराविषयी वाटणारा न्यूनगंड पार नाहीसा झाला.

शेवटी प्रत्यक्ष चाचणीचा निर्णय झाला. लाइव्हजर्नल हे संकेतस्थळ उभारणारे ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लिहिलेला एक लहानसा प्रोग्रॅम यासाठीच आहे: सर्व्हर लिहीत राहतो, दुसरा संगणक 'कोणत्या नोंदींची पोच मिळाली' याची रुजवात घालीत बसतो, ऐन वेळी सर्व्हरची वायर ओढावयाची, आणि वीज आल्यावर पोच व नोंदी ताडून पाहावयाच्या. पंच म्हणून सर्व संचालक उपस्थित होते. वायर ओढण्याचे फर्मान शिपायास सुटले, तेव्हा तो हात मागे बांधून म्हणाला, "मागं झाडताना हीच वायर निघाली म्हणून मला मेमो दिलाय. आता ओढायची तर लेखी द्या." चिटणिसांनी जागेवरच आदेश टंकलिखित केला. आदेशात 'वायर ओढावी' एवढेच होते, कोणती ते नव्हते. शिपायाने शिरस्त्याप्रमाणे सर्वांत जवळची ओढली, आणि अध्यक्षांच्या डोक्यावरील पंखा थांबला.

आदेशाच्या दुरुस्तीनंतर सर्व्हरची वायर निघाली. जुन्या ड्राइव्हने पोच दिलेली प्रत्येक नोंद जागच्या जागी सापडली. खजिनदारांनी तत्काळ "पास!" म्हणून टेबलावर थाप मारली आणि नव्या खरेदीचा विषय बरखास्त करण्याची सूचनाही मांडली. भाचा म्हणाला, "एकदा लिहितानाच सापडली नाही म्हणजे ती कधीच सापडणार नाही असं थोडंच आहे? आणखी एकदा ओढा." पुन्हा ओढल्यावर पोचेच्या यादीतील कितीतरी नोंदी बेपत्ता निघाल्या, आणि खजिनदारांनी हा सर्व दोष शिपायाच्या ओढण्याच्या पद्धतीवर टाकला. मग नमुन्यादाखल आणलेली कपॅसिटरवाली लावली. उपाध्यक्षांना या कामात विलक्षण गोडी उत्पन्न होऊन ते शिपायास बाजूस सारून स्वतःच वायर ओढू लागले. परंतु त्यांनी किती वेळा आणि कोणत्या आवेशाने ओढली तरी पोच आणि नोंद यांत तसूभर अंतर पडेना. इतक्यात गावाचीच वीज गेली आणि चाचणी तहकूब करावी लागली. कारण वीज तोडून पाहावयाची तर आधी ती असावी लागते.

तरीही एका ड्राइव्हवर सर्वस्व ठेवू नये, जोडी घ्यावी, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर तोच मजकूर राहील, असे ठरले. चिटणिसांनी सुचविले की, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या, एकाच दिवशी घेऊन एकाच मुहूर्तावर बसवाव्यात. दफ्तरात नोंदीला सोपे जाते. भाच्याने कपाळाला हात लावला. २०१९ च्या नोव्हेंबरात ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या ग्राहकांना कळविले होते की, आपल्या काही ड्राइव्ह बरोबर ३२,७६८ तास चालल्या, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास झाले, की फर्मवेअर या त्यांच्या अंगभूत प्रोग्रॅममधील दोषामुळे कायमच्या बंद पडतील, आतील मजकुरासह. आणि ज्या एकाच वेळी सेवेत आल्या त्या बहुधा एकाच वेळी जातील. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, हे मी तत्परतेने सांगितले. माझ्या गणिताचा त्या दिवशी झालेला तेवढाच उपयोग. पुढल्याच वर्षी ४०,००० तासांचीही तशीच सूचना निघाली. त्याआधी २०१२ मध्ये क्रुशियल कंपनीच्या एका नमुन्याची ड्राइव्ह ५,१८४ तासांनंतर गोठत असे आणि पुन्हा सुरू केल्यास दर तासाला पुन्हा गोठत असे. फर्मवेअर बदलल्यावर ती सुधारली. सांगण्याचा मथितार्थ, जोडी निरनिराळ्या वयाची व घराण्याची असावी आणि फर्मवेअर वेळच्या वेळी बदलावे. चिटणीस म्हणाले, "दोन कंपन्यांच्या दोन घेतल्या तर लेखापरीक्षक विचारतील, सर्वांत कमी दराची एक असताना दुसरी का घेतली?" मी म्हणालो, "दोघी एकदम मरू नयेत म्हणून, असं लिहा." त्यांनी लिहिले, "दराच्या स्पर्धेस उत्तेजन मिळावे म्हणून."

राहता राहिली जुनी ड्राइव्ह. खजिनदारांचा आग्रह होता की ती फेकू नये; सर्व जुन्या हिशेबासह तिजोरीत जपून ठेवावी, दागिने राहतात तशी राहील. येथे जेडेक या संस्थेच्या २०१० च्या मानकाने घोळ घातला. पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हने, वीज न देता ठेवली असता, घरगुती प्रकारात ३० अंश तापमानास एक वर्ष आणि सर्व्हरच्या प्रकारात ४० अंशांस तीन महिने मजकूर सांभाळावा, एवढीच त्यात अपेक्षा आहे. सर्व्हरच्या ड्राइव्हवर चोवीस तास वीज असते, हे त्यात गृहीतच धरलेले. आणि आमचे गाव खानदेशात आहे. वैशाखात आमच्या तिजोरीच्या खोलीत ४० अंश म्हणजे थंड वाऱ्याची झुळूक. "म्हणजे नुसतं ठेवलं तरी जातं?" खजिनदार पुटपुटले, आणि ठेवी स्वीकारणे हाच ज्यांचा धंदा त्यांना ठेवण्याच्या क्रियेविषयी इतका खोल संशय उत्पन्न झालेला मी प्रथमच पाहिला.

अखेर कपॅसिटरवाल्या दोन ड्राइव्ह आल्या, बसल्या, आणि आज चालत आहेत. निरोप घेताना भाच्याने एकच गोष्ट विचारली: बॅकअप तर घेता, पण त्यातून सगळा डेटा परत उभा करून कधी पाहिला आहे काय? चिटणिसांनी मोठ्या ऐटीने इतिवृत्ताची वही उघडून त्याच्यापुढे धरली. तीत सुवाच्य अक्षरांत नोंद होती की, सर्व संचालकांच्या समक्ष बॅकअपमधून संपूर्ण हिशेब पूर्ववत करून पाहिला व तो पै-पैशासह बरोबर आढळला.

"पण तारीख पुढच्या सोमवारची आहे," भाचा म्हणाला.

"त्या दिवशी करणारच आहोत ना! लिहून मोकळं झालेलं बरं."

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, ड्राइव्हला कपॅसिटर लावलेत. या वहीला काय लावणार?"

मी वही नीट पाहिली. नोंदीखाली माझी जागा तेवढी मोकळी होती; बाकी सर्वांच्या सह्या झालेल्या होत्या, उपाध्यक्षांची धरून; आणि सोमवारी आपण तिरुपतीस असणार आहोत, हे सही करताकरताच त्यांनी सर्वांना सांगितले होते.